‘आढळले नाही’ : एका शेऱ्याचा इतिहास

आमच्या घरी दवाई दोन प्रकारची असे. माणसाची दवाई देवळीत आणि पऱ्हाटीची दवाई गोठ्याच्या माळ्यावर. मोर्शी तालुक्यातले आमचे गाव, आणि काळ साठीच्या दशकातला. माळ्यावरच्या पोत्यात पांढुरकी भुकटी असे. तिचे नाव बीएचसी. पण बाबा आणि सगळा गाव तिला ‘ग्यामाक्सिन’ म्हणे. ती पऱ्हाटीवर धुरळायची, ज्वारीच्या कोठीभोवती तिची रेघ ओढायची, मुंग्यांच्या वारुळावर मूठभर टाकायची. सालदार ती उघड्या हाताने फेकी, मग त्याच हातांवर तांब्याभर पाणी ओतून घेई आणि धुऱ्यावर भाकर खायला बसे.

त्या भुकटीला कुबट, बुरसटलेला वास होता. बाबांची सारी शिस्त त्या वासावर चाले. धुरळलेल्या वावरात वास असेपर्यंत ढोर सोडायचे नाही, पोरांनी जायचे नाही. वास उडाला की वावर मोकळे. त्यांचे शब्द मला अजून ऐकू येतात : “वास गेला का दवाई गेली, समजलं?”

पुढे मी रसायनशास्त्र शिकलो आणि मोर्शीतच आयुष्यभर ते शिकवले. तेव्हा हळूहळू ध्यानात आले की, हा नियम एकट्या बाबांचा नव्हता. मोठमोठ्या प्रयोगशाळाही तो पाळत आल्या आहेत. त्यांची नाके फक्त महाग असतात. जे नाकाला कळत नाही त्यापुढे त्या ‘आढळले नाही’ असा शेरा मारतात, आणि वाचणारा त्याचा अर्थ ‘नाही’ असा लावतो. मीही एकदा तसाच लावला होता. या दोन अर्थांमध्ये जे अंतर आहे, ते रेणूंच्या रचनेने पडलेले आहे. ते कसे पडत गेले याचा इतिहास मला जमेल तसा इथे मांडतो.

सालबर्डीच्या वाटेवर

१९७६ साली नागपूरला एम.एस्सी. करताना मी गॅस क्रोमॅटोग्राफीचे यंत्र पहिल्यांदा पाहिले. मराठीत तिला वायु-वर्णलेखन म्हणतात. सुट्टीत घरी आल्यावर बाबांनी विचारले, काय शिकतोस? मी सालबर्डीच्या यात्रेचा दाखला दिला. मोर्शीहून सालबर्डी आठ-दहा किलोमीटरांवर. महाशिवरात्रीला शंभर माणसे एकाच वेळी निघाली असे समजा. रस्त्यावर असताना चाल सगळ्यांची सारखी. फरक पडतो तो थांबण्यात. ज्याची वाटेत कुणाशी ओळख नाही तो सरळ पोचतो. ज्याला प्रत्येक हॉटेलवाला हाक मारतो तो चहा पीत पीत संध्याकाळी पोचतो. यंत्रात रस्त्याच्या जागी एक लांब बारीक नळी असते, तिला स्तंभ म्हणतात. तिच्या आत न उडणाऱ्या द्रवाचा पातळ थर असतो आणि नळीतून नायट्रोजन किंवा हेलियमसारखा वायू वाहत असतो. नमुना तापवून त्याचे बाष्प केले की रेणू वायूबरोबर निघतात. काही थरात वारंवार थांबतात, काही फारसे थांबत नाहीत. दुसऱ्या टोकाला जो जेव्हा पोचेल तेव्हा कागदावर एक शिखर उमटते.

कोण किती थांबणार हे रेणूची रचना ठरवते. जड रेणू सहज उडत नाही, म्हणून उशिरा येतो. तेवढ्याच कार्बनांचा पण फांद्या फुटलेला रेणू सरळ साखळीच्या रेणूपेक्षा लवकर उकळतो आणि लवकर येतो. ज्याच्या एका टोकाला विजेचा भार किंचित जास्त आणि दुसऱ्याला किंचित कमी, असा ध्रुवीय रेणू ध्रुवीय थराला चिकटून बसतो.

या विद्येचा उगम रंगांत आहे. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ साली वॉर्सा येथे पानांतली रंगद्रव्ये खडूच्या भुकटीसारख्या थरातून गाळून वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागण्याची रीत मांडली. वर्णलेखन हे नाव तिथून आले. १९४१ साली इंग्लंडमध्ये लोकरीच्या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी एका निबंधात लिहून ठेवले की, वाहणारा पदार्थ द्रवाऐवजी वायू असला तरी चालेल. ती ओळ दहा वर्षे तशीच पडून राहिली. अखेर मार्टिन यांनीच ए. टी. जेम्स यांच्यासोबत लंडनजवळच्या मिल हिल येथे ती करून दाखवली. मेदाम्लांवरचा त्यांचा निबंध १९५२ साली प्रसिद्ध झाला, आणि आधीच्या कामासाठी मार्टिन आणि सिंज यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेही त्याच वर्षी. त्या निबंधात एक सुंदर गोष्ट होती. मेदाम्लाच्या साखळीत एकेक कार्बन वाढवत गेले की थांबण्याचा काळ दर वेळी ठरावीक पटीने वाढतो. रस्त्यावर मैलाचे दगड रोवल्यासारखे ते होते. स्वित्झर्लंडच्या एर्विन कोव्हात्स यांनी १९५८ साली सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांचे दगड धरून प्रत्येक रेणूला रस्त्यावरचा त्याचा पत्ता देण्याची पद्धतच बसवली.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तुया मशीनले नाक हाये का?”

मी म्हणालो, आहे. पण प्रत्येक नाकाला ठरावीकच वास येतात.

“मंग तं ते माह्यापेक्षाही अडाणी हाये!”

आम्ही दोघेही हसलो. त्या हसण्याचे ओझे मला पुढे अठरा वर्षांनी कळायचे होते.

सहा क्लोरिनांची मांडणी

बीएचसी पहिल्यांदा तयार केले ते मायकेल फॅरडेने, १८२५ साली. म्हणजे कीटकनाशक म्हणून त्याची ओळख होण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी. बेंझीन आणि क्लोरिन उजेडात एकत्र आणले की सहा कार्बनांचे कडे तयार होते आणि प्रत्येक कार्बनावर एक क्लोरिन बसतो. रेणुसूत्र एकच. पण कडे सपाट नसते, खुर्चीसारखे वाकलेले असते, आणि प्रत्येक क्लोरिन कड्याच्या कडेने आडवा तरी बसतो किंवा वर-खाली उभा तरी. या बसण्याच्या रीतीवरून अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा असे समघटक होतात. डच शास्त्रज्ञ तेनिस व्हान डर लिंडेन यांनी १९१२ च्या सुमारास ते वेगळे केले. कीटक मारण्याचा गुण एकट्या गॅमात आहे असे १९४० नंतर समजले. शुद्ध गॅमाला लिंडेन हे नाव त्यांच्यावरूनच पडले, आणि आमच्या गावच्या ‘ग्यामाक्सिन’मधला ‘ग्यामा’ही हाच.

भारतात कीटकनाशकांचे उत्पादन सुरू झाले तेच बीएचसीपासून, १९५२ साली कलकत्त्याजवळच्या रिशरा येथे. पण कारखान्यातून निघणाऱ्या मिश्रणात गॅमा असतो दहा ते पंधरा टक्के. साठ-सत्तर टक्के अल्फा, बाकी बीटा, डेल्टा वगैरे. म्हणजे शंभर किलो बीएचसी तयार झाले की त्यातले पंच्याऐंशी किलो तरी बिनकामाचे. ते वेगळे काढायला खर्च येतो, म्हणून तेही शेतात येई. आम्ही पऱ्हाटीवर जे धुरळत होतो त्यातला बहुतेक भाग बोंडअळीच्याही कामाचा नव्हता.

या बिनकामाच्या ऐवजात बीटाची गोष्ट निराळी आहे. त्याचे सहाही क्लोरिन आडवे, एकमेकांपासून शक्य तितके दूर बसलेले असतात. उभा क्लोरिन शेजारच्या हायड्रोजनला घेऊन सुटायला सोपा असतो. आडवा सहज सुटत नाही. म्हणून जंतूंना आणि शरीरातल्या विकरांना बीटा सहसा मोडता येत नाही. तो कमी उडतो, पाण्यात गॅमाहून खूपच कमी विरघळतो आणि चरबीत मुरून राहतो. गॅमा शरीरातून दिवसांच्या हिशेबात बाहेर पडतो. बीटाला निम्मा व्हायला सुमारे सात वर्षे लागतात.

आणि वास? शुद्ध लिंडेनला वास जवळजवळ नाहीच. तो कुबट वास मिश्रणातल्या इतर घटकांचा. म्हणजे बाबा ज्या वासावर भरवसा ठेवत होते, तो ना मारणाऱ्या गॅमाचा होता, ना मुक्काम ठोकणाऱ्या बीटाचा. उडून जाणारे उडून जात होते आणि बाबा त्यांनाच दवाई समजत होते.

क्लोरिन हुंगणारे नाक

मार्टिन यांच्याच मिल हिलच्या संस्थेत जेम्स लव्हलॉक नावाचा कल्पक माणूस होता. १९५७ साली त्याने एक शोधक बनवला, इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर. त्याची युक्ती साधी आहे. किरणोत्सारी पदार्थाच्या मदतीने एका लहानशा कोठडीत इलेक्ट्रॉनांचा संथ प्रवाह चालू ठेवायचा. क्लोरिन किंवा ब्रोमिन असलेला रेणू आत आला की तो इलेक्ट्रॉन गिळतो आणि प्रवाह घटतो. साधे हायड्रोकार्बन आले तर काहीच घडत नाही. संत्र्याच्या सालीचा घमघमाट ज्या लिमोनिनमुळे येतो, त्याचा पूर लोटला तरी हे नाक त्याची फारशी दखल घेत नाही. पण त्याच सालीच्या मेणात लिंडेनचा कण असला तर त्याला नेमका तोच कळतो.

या नाकाने जगाचा इतिहास बदलला. रेचेल कार्सनचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली आले आणि नंतरच्या काही वर्षांत या शोधकाने डीडीटीचे अंश अंटार्क्टिकाच्या पेंग्विनमध्येही दाखवले. १९६६ साली स्वीडनचे सोरेन येन्सेन पक्ष्यांच्या आणि माशांच्या शरीरात डीडीटी शोधत होते. आलेखात डीडीटीच्या शेजारी काही अनोळखी शिखरे वारंवार उमटत होती. दुसरा कुणी ती कचरा म्हणून सोडून देता. येन्सेन यांनी माग काढला आणि ती शिखरे पीसीबी नावाच्या औद्योगिक तेलाची निघाली. दोन बेंझीन कडी आणि त्यांवर क्लोरिन वेगवेगळ्या जागी, असे २०९ प्रकार. पुढे त्यांनी पत्नीच्या आणि तान्ह्या मुलीच्या केसांतही पीसीबी शोधून काढले.

या गोष्टीत एक इशाराही आहे. आलेखावरचे शिखर स्वतःचे नाव सांगत नाही. अमुक वेळी कुणीतरी पोचले, एवढेच सांगते. अमुक गाडीने उतरला म्हणून तो आपलाच पाहुणा, असे होत नाही. साध्या अध्रुवीय स्तंभातून बीएचसीचे समघटक अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा या क्रमाने येतात आणि बीटा-गॅमा एकमेकांना खेटून असतात. थोड्या ध्रुवीय स्तंभात बीटा जास्त रेंगाळतो आणि गॅमा त्याच्या पुढे निघून जातो. म्हणून शहाणा विश्लेषक एकच नमुना दोन वेगळ्या स्वभावांच्या स्तंभांतून चालवतो, किंवा रेणूचे तुकडे करून त्यांची वजने पाहणारा मास स्पेक्ट्रोमीटर जोडतो.

२००३ साली हा वाद देशाच्या संसदेपर्यंत गेला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने ५ ऑगस्टला शीतपेयांत लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस सापडल्याचे जाहीर केले. कंपन्यांच्या बाजूने आक्षेप आला की, मास स्पेक्ट्रोमीटरने खातरजमा झालेली नाही. सरकारी प्रयोगशाळांनाही अवशेष सापडले, पण आकडे कमी होते. संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, अध्यक्ष शरद पवार. फेब्रुवारी २००४ मध्ये समितीने अहवाल दिला आणि अवशेष असल्याचा निष्कर्ष उचलून धरला. एका शिखराला नाव कसे द्यायचे, या प्रश्नावर खासदारांना बसावे लागले होते.

विहिरीचा अहवाल

आता माझी चूक सांगतो. १९९४ साली माझ्या मनाने घेतले की, घरची विहीर तपासून घ्यावी. बीएचसी तेव्हा बाजारात होते. त्यावर बंदी आली १ एप्रिल १९९७ पासून. मी काचेच्या बाटलीत पाणी भरले आणि एका खासगी प्रयोगशाळेकडे पाठवले. महिन्याने कागद आला. ‘लिंडेन : आढळले नाही.’ मी तो बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “मी तं सांगतच होतो.” माळ्यावर उरलेली दोन पोती पुढच्या दोन हंगामांत निर्धास्तपणे वापरली गेली. सालदाराला हातमोजे आणून देण्याचे माझ्या डोक्यात होते, तेही मागे पडले.

कागद खोटा नव्हता. प्रश्न चुकीचा होता, आणि तो विचारणारा मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक होतो. पहिली चूक, मी फक्त लिंडेन विचारले, म्हणजे एकटा गॅमा. जो मुक्कामाला राहतो त्या बीटाचे नावही मी लिहिले नव्हते. दुसरी चूक, मी पाणी पाठवले. क्लोरिनने लगडलेला रेणू पाण्याशी फटकून असतो. तो काळ्या मातीच्या चिकण कणांना आणि सेंद्रिय अंशाला धरून बसतो, गवतातून ढोरात आणि ढोराच्या दुधातल्या तुपात जातो. मी चोर शोधायला रिकाम्या ओसरीवर गेलो होतो. तिसरी चूक, किती बारीक अंश दिसू शकतो ती मर्यादा कागदावर नव्हती आणि मी ती विचारलीही नाही. जाड चाळणीने चाळून बारीक वाळू नाही म्हणण्यासारखे ते झाले.

योग्य जागी बघणारी माणसे देशात होती. त्याच सुमारास, १९९३ साली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा अहवाल आला होता. १२ राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने घेतले होते. सुमारे ८२ टक्क्यांत डीडीटी सापडले आणि सुमारे ३७ टक्क्यांत ते किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर होते. मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण सर्वांत जास्त निघाले महाराष्ट्रात, ७४ टक्के. माझ्या गोठ्यात म्हैस बांधलेली होती आणि मी विहिरीचे पाणी पाठवले.

बाबा गेले, सालदारही गेला. त्यांच्या दुखण्यांचा संबंध मी या भुकटीशी जोडत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. पुरावा मिळेल असा प्रश्न मीच कधी विचारला नव्हता, एवढे मात्र मला लिहिले पाहिजे.

तोंडाशीच मोडणारे

यंत्राच्या नाकाइतकेच त्याचे तोंडही महत्त्वाचे. नमुना आत जातो ती जागा अडीचशे अंशांच्या आसपास तापलेली असते. तिथली काच मळलेली असेल तर डीडीटीचा रेणू तिथेच मोडतो आणि आलेखात डीडीई किंवा डीडीडी म्हणून उमटतो. आता शेतात पडलेले डीडीटीही वर्षानुवर्षांनी डीडीईच बनते. म्हणून डीडीई जास्त दिसले की विश्लेषक म्हणतो, जुनी फवारणी आहे. म्हणजे मळक्या तोंडाचे यंत्र कालचे डीडीटी वीस वर्षांपूर्वीचे ठरवू शकते. त्यासाठीच यंत्राला आधी शुद्ध डीडीटी देऊन ते किती मोडते हे पाहतात. पंधरा टक्क्यांच्या वर मोडले तर तोंड साफ केल्याशिवाय काम पुढे न्यायचे नाही, असा दंडक आहे.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे संत्र्याच्या बगीच्यावर काळी माशी आली. तिच्या चिकट्यावर काजळीसारखी बुरशी वाढते. आमच्याकडे तिला कोळशी म्हणतात. पाने काळी, फळे काळी, आंबिया बहार हातचा गेलेला. तेव्हा बगीच्यात नव्या दवाया आल्या, मोनोक्रोटोफॉस आणि असिफेट. या फॉस्फरसवाल्या रेणूंत क्लोरिन नाही, म्हणून लव्हलॉकच्या नाकाला त्यांचा वास नाही. त्यांना फॉस्फरस ओळखणारा वेगळा शोधक लागतो. शिवाय ते अतिशय ध्रुवीय. नायट्रोजनावरच्या हायड्रोजनाच्या हाताने ते गरम काचेच्या उघड्या जागांना चिकटतात, तिथेच अडकतात किंवा मोडतात. शिखर बुटके आणि शेपटीवाले उमटते.

त्यातून एक गमतीदार घोटाळा होतो. शुद्ध द्रावणातला रेणू काचेला चिकटून वाया जातो. पण फळाच्या अर्कात मिसळलेला तोच रेणू सुखरूप पोचतो, कारण फळातले इतर पदार्थ काचेच्या त्या चिकट जागा आधीच अडवून बसतात. त्यामुळे शुद्ध द्रावणाशी तुलना केली तर फळातले विष आहे त्याहून जास्त दिसते. म्हणून आता तुलनेचे द्रावणही फवारणी न केलेल्या फळाच्या अर्कातच करतात. संत्र्यातले खरे माप काढायला दुसऱ्या, निर्मळ संत्र्याची साक्ष काढावी लागते.

पाच डबे

काही रेणू तर यंत्राच्या दारातच पाऊल ठेवत नाहीत. २०१० साली महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड. वेलीची पालेदार वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे संजीवक. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. पुण्याजवळच्या मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची संदर्भ प्रयोगशाळा होती, निर्यातीची शिस्तही बसलेली होती. पण निर्यातीपूर्वीच्या तपासणीच्या यादीत हे नाव नव्हते. क्लोरमेक्वाट हे क्षार आहे, मिठासारखे भारित. मीठ तापवून त्याचा वास येत नाही, तसे हेही उडत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या हजार नमुन्यांत ते एकदाही दिसले नसते. त्याला द्रव-वर्णलेखन आणि त्याला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटरच पाहिजे.

आणि मग २०१७. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. आमच्या अमरावतीसह वऱ्हाडच्या पाच जिल्ह्यांत पाच उत्पादनांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली. ती यादी वर्तमानपत्रात वाचताना मला माझ्या विषयाचा सारा अभ्यासक्रम पाच डब्यांत भरलेला दिसला.

पहिल्या डब्यात प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन. प्रोफेनोफॉसवर ब्रोमिनही आहे, क्लोरिनही. यंत्राला ते सहज कळते. सायपरमेथ्रिनचे आठ समघटक असतात, पण आलेखात शिखरे चारच येतात. कारण त्यांतल्या चार जोड्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या आहेत, आणि साध्या स्तंभाला डावा-उजवा हात ओळखता येत नाही. किड्याला मात्र तो ओळखता येतो. दुसऱ्या डब्यात फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड. फिप्रोनिल क्लोरिन-फ्लोरिनने भरलेले, लव्हलॉकच्या नाकाचे लाडके. त्याच डब्यातले इमिडाक्लोप्रिड उष्णतेने मोडते, म्हणून त्याला द्रव-वर्णलेखन हवे. तिसऱ्यात असिफेट, चौथ्यात मोनोक्रोटोफॉस. हे दोघे दाराला चिकटणारे. पाचव्यात डायफेंथियुरॉन, तेही तापवले की आपले रूप टाकते.

पाच डब्यांतले सात रेणू, आणि एक यंत्र त्यांतले जेमतेम तीन नीट पाहू शकते. सालदाराच्या पाठीवरच्या पंपात ते कधी एक एक करून, कधी मिसळून जातात. नंतर कुणी एकाच यंत्रावर तपासणी करून कागद दिला, तर त्यावर ‘आढळले नाही’ असे खरेखुरे, निर्दोष शेरे किती येतील!

मोठा खटका बसतो तो इथे. जुनी विषे टिकाऊ होती, चरबीत मुरत होती, पण यंत्राला सहज दिसत होती. म्हणून त्यांच्यावर बंदी आणता आली. बीएचसी गेले, एन्डोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले, लिंडेनचा वापर २०१३ साली संपला. त्यांच्या जागी आलेले बरेचसे रेणू लवकर मोडणारे, पाण्यात विरघळणारे आहेत, आणि हा गुणच आहे. पण तोच गुण त्यांना या यंत्रापासून दूर नेतो. सुधारणा आणि अदृश्यता एकाच रचनेतून आल्या आहेत.

गेल्या वर्षी गोठा पाडायला काढला. माळ्यावर कोपऱ्यात एक जुने पोते सापडले, तळाशी ओंजळभर भुकटी. मी नाक जवळ नेले नाही, पण हातभर अंतरावरूनही पूर्वी जो कुबट वास येई तो मुळीच येत नव्हता. पोते दोन जाड पिशव्यांत घालून, तोंड बांधून, वर नाव लिहून मी बाजूला ठेवले. मग प्रयोगशाळेसाठी नवे पत्र लिहायला बसलो. नमुना : गोठ्याखालची माती आणि घरचे तूप. तपास : अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, चारही वेगवेगळे. दोन स्तंभांवर, किंवा मास स्पेक्ट्रोमीटरने खातरजमा करून. जिथे ‘आढळले नाही’ असे लिहाल, तिथे किती बारीक अंशापर्यंत पाहिले तो आकडा कृपया शेजारी लिहावा.

सून विचारत होती, “बाबा, त्या पोत्याचा तं वासही येत नाही, मंग एवढं कायले बांधून ठेवलं?”

मी तिला माळ्याखाली बसवले आणि सालबर्डीच्या यात्रेपासून सांगायला सुरुवात केली.